दोघांसाठी भरगच्च ऑम्लेट : या चुका टाळा

सुट्टीच्या दिवशी उशिरा उठायचं, सावकाश आवरायचं आणि दोघांनी समोरासमोर बसून गरमागरम ऑम्लेट खायचं. बेत इतका साधा, की यात बिघडण्यासारखं काय आहे असं वाटतं. प्रत्यक्षात एक जण शेगडीपाशी घामाघूम, दुसरा टेबलावर एकटाच खातोय, आणि शेगडीवाला खायला बसेपर्यंत टेबलवाल्याची ताटली सिंकमध्ये गेलेली. आमच्याकडे कित्येक महिने हेच चालायचं. ऑम्लेट बरं व्हायचं, फक्त एकत्र खाणं तेवढं राहून जायचं.

बऱ्याचशा चुका अंडं पॅनमध्ये पडायच्या आधीच झालेल्या असतात. दोन अंड्यांचं ऑम्लेट आचेवर असतं जेमतेम दोन-तीन मिनिटं. तेवढ्यात चीज किसायला, कांदा चिरायला किंवा 'अगं, उलथनं कुठे ठेवलंस?' असं विचारायला सवड नसते. निवांतपणा हवा तर तो चिरताना, परतताना घ्या. गप्पा मारा, गाणी लावा. पॅन तापला की मात्र दोघांनीही आपापल्या जागेवर.

दोघांत मिळून एकच भलंमोठं

सगळ्यांत मोहाची चूक ही. पाच-सहा अंडी एकदम फेटायची, मोठ्या पॅनमध्ये ओतायची आणि मधोमध कापून अर्धं-अर्धं घ्यायचं. होतं असं, की थर जाड पडतो. खालची बाजू तपकिरी होऊन वातड झाली तरी वर अंडं पातळच डुलत असतं. मग आच वाढवली जाते, झाकण पडतं, घाईने घडी घालायला जावं तर नेमकं मध्येच फाटतं.

याचं कारण अंड्यातच आहे. फेटलेलं अंडं साधारण ७० अंश सेल्सिअसच्या पुढे-मागे घट्ट होतं. तिथून तापमान थोडं जरी वर गेलं, तरी त्यातली प्रथिनं आणखी आवळत जातात आणि धरून ठेवलेलं पाणी बाहेर पिळून टाकतात. झालं आणि जास्त झालं यांत अंतर एवढंसंच. जाड थरात खालच्या भागाने ते अंतर केव्हाच ओलांडलेलं असतं आणि वरचा भाग अजून वाटेतच असतो.

म्हणून ऑम्लेटं दोन करा, वेगवेगळी. दोन अंड्यांना साधारण २० सेंटिमीटर व्यासाचा पॅन बरोबर बसतो, तीन अंड्यांना २२ ते २४ सेंटिमीटरचा. त्याहून मोठा घेतलात तर अंडं पातळ पसरून कागदासारखं सुकतं. एकच करायचं अगदी मनात असेल, तर घडी घालण्याचा हट्ट सोडा. मंद आचेवर झाकण ठेवून जाडसर होऊ द्या आणि केकसारखे त्रिकोणी तुकडे कापा. तो वेगळा प्रकार झाला, पण चांगला प्रकार आहे.

पहिलं गार, दुसरं गरम

दोन वेगळी करायची म्हटल्यावर पहिलं गार होणार, ही शंका रास्त आहे. उपाय सोपा आहे, फक्त तो आधी करावा लागतो. सारण दोघांचं एकदमच परतून झाकून ठेवा. अंडी दोन वेगळ्या वाडग्यांत फेटून ठेवा, म्हणजे दुसऱ्या वेळी काहीच मोजायचं उरत नाही. ताटल्या गरम पाण्याखाली धरून कोरड्या पुसून घ्या. गार ताटली ऑम्लेटची ऊब बघता बघता ओढून घेते.

आता क्रम कुणाचा? ज्याला घट्ट, नीट शिजलेलं आवडतं त्याचं आधी. ऑम्लेट आचेवरून उतरलं तरी आतल्या उष्णतेने शिजत राहतं. त्यामुळे ताटलीत थांबण्याचा त्रास मऊ ऑम्लेटला जास्त होतो, घट्ट ऑम्लेटला कमी. नवऱ्याला कडा तपकिरी झालेलं लागतं, मला मऊ. वर्षभर मी 'आधी माझं करून घेते' म्हणत होते आणि रोज घट्ट ऑम्लेट खात होते. क्रम उलटा केला आणि तक्रार मिटली. पहिल्यावर दुसरी ताटली सैलसर उपडी घालावी, अगदी घट्ट बंद केलं तर आतल्या वाफेने ते ओलं होतं.

आणखी एक. एका पॅनवर एकच माणूस. दुसऱ्याने पाव भाजावा, टेबल लावावं, सल्ला देऊ नये.

सारण : भरगच्चच्या नादात

पोटभरीचं ऑम्लेट म्हणजे जास्तीत जास्त सारण कोंबलेलं, हा समज फार ऑम्लेटं फाडतो. दोन-तीन अंड्यांच्या थराला चार-पाच टेबलस्पून सारण पेलतं. त्याहून जास्त केलंत तर उरलेलं खुशाल ताटलीत बाजूला वाढा, बघायलाही छान दिसतं. पोट भरायला हवं असेल तर सारणात उकडलेल्या बटाट्याच्या फोडी खरपूस परतून घाला. मूठभर बटाटा जे काम करतो ते मूठभर ढोबळी मिरची करत नाही.

मात्र खरा शत्रू आहे पाणी. मशरूम, पालक, टोमॅटो, ढोबळी मिरची या सगळ्यांत वजनाच्या ९० टक्के किंवा त्याहूनही जास्त पाणीच असतं. हे कच्चंच फेटलेल्या अंड्यात टाकलं की ते पाणी अंडं शिजताना सुटतं. कडेने फिकट पाणी जमतं, घडी ओलसर होते, आणि दोष अंड्याला दिला जातो.

प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. मशरूम गरम पॅनमध्ये, गर्दी न करता, आधी तेलाशिवाय परता. सुटलेलं पाणी पूर्ण आटून चरचर पुन्हा सुरू झाली की मग लोणी किंवा तेल आणि मीठ. पालक नुसता मलूल होईपर्यंत परता, गार होऊ द्या आणि मुठीत धरून पिळा. कितीही कोरडा वाटला तरी पिळा, निघणारं पाणी पाहून चकित व्हाल. टोमॅटोचा बियांचा गर काढून टाका, फक्त भोवतालचा घट्ट भाग वापरा. कांद्याला घाई चालत नाही. मध्यम आचेवर सात-आठ मिनिटं तरी द्या, नाहीतर मऊ अंड्यात तो कच्चा करकरत राहतो.

फ्रिजमधलं गार सारण तसंच घडीत घालू नका. बाहेरचं अंडं शिजून जातं आणि आत दाताला गारवा लागतो. आणि चीज घालणार असाल तर ते किसून थेट अंड्यावर पसरा, बाकीचं सारण त्याच्यावर. ऊब खालून येते, त्यामुळे चीज वितळून सारणाला धरून ठेवतं. जाड तुकडे घातलेत तर ऑम्लेट होईल, चीज होणार नाही.

मीठ, दूध आणि फेटणं

मीठ आधी घातलं की अंडं चिवट होतं असं म्हणतात. तसं होत नाही. शिजवण्याआधी १५ मिनिटं मीठ घालून ठेवलेलं अंडं पाणी उलट जास्त धरून ठेवतं आणि मऊ होतं. रंग थोडा गडद दिसतो, तेवढंच. चीज किंवा खारवलेलं मांस सारणात असेल तर मीठ बेताने.

दूध घालायचंच तर दोन-तीन अंड्यांना एक टेबलस्पून, पुढे नाही. दुधाने ऑम्लेट फुलतं अशी समजूत आहे, पण जास्त दुधाने ते नुसतं पातळ आणि बेचव होतं. काटाचमच्याने अर्धं मिनिट फेटा. पांढऱ्या तारा दिसेनाशा झाल्या की थांबा.

अंडी फेटून ठेवून पुन्हा अंथरुणात लोळायला मात्र जाऊ नका. पंधरा-वीस मिनिटं ठीक. फोडलेलं अंडं बाहेर दोन तासांहून जास्त राहिलं तर टाकून द्या. दोघांपैकी कुणी गरोदर असेल किंवा आजारातून उठलेलं असेल, तर मऊ ऑम्लेटचा मोह बाजूला ठेवा आणि आतपर्यंत पूर्ण शिजवा.

आच ओळखायची कशी

शेगडीवरचे आकडे विसरा, लोण्याकडे बघा. लोण्यात सहाव्या हिश्शाच्या आसपास पाणी असतं. पॅनमध्ये ते उकळून जाताना फेस येतो. फेस बसायला लागला, पण रंग अजून पिवळाच आहे, तो क्षण अंडं ओतायचा. लोणी तपकिरी होऊन करपट वास सुटला असेल तर वाचवायला जाऊ नका. पॅन पुसा, नवं लोणी घाला. एक चमचा लोणी वाया गेलं तरी चालेल.

अंडं ओतल्यावर हलकी चुरचुर ऐकू यायला हवी. काहीच आवाज नाही म्हणजे पॅन गार आहे, आणि अंडं चिकटण्याचं ते एक नेहमीचं कारण. तडतड झाली म्हणजे आच फार. पहिल्या अर्ध्या मिनिटात उलथन्याने कडा मधे ओढा आणि पॅन तिरका करून पातळ अंडं मोकळ्या जागेत वाहू द्या. वरचा भाग ओलसर चकाकतोय पण वाहत नाही, अशा वेळी अर्ध्या बाजूवर सारण, मग घडी, मग वीस-तीस सेकंद, की उतरवा. विजेची तबकडी असेल तर ती बंद केल्यावरही तापलेलीच राहते, तेव्हा बटण फिरवत बसण्यापेक्षा पॅनच उचला.

नॉनस्टिक पॅन रिकामा तापत ठेवून कांदा चिरायला वळणं ही वाईट सवय. २६० अंश सेल्सिअसच्या पुढे त्यावरचा थर खराब होऊ लागतो, आणि रिकामा पॅन तिथवर काही मिनिटांत पोचू शकतो. काटाचमचाही त्यात चालवू नका.

बिघडलंच तर

चिकटलं : ओढू नका. आच बंद करून कडेने चार थेंब पाणी सोडा, मिनिटभर झाकण ठेवा. वाफेने बहुतेक वेळा सुटतं.

घडी घातल्यावर आत कच्चं निघालं : अगदी मंद आचेवर चमचाभर पाणी कडेला टाकून झाकण, अर्धं-पाऊण मिनिट.

फाटलं : सारण आणि अंडं तिथेच हलक्या हाताने एकत्र करा, वर चीज टाका आणि भाजलेल्या पावावर वाढा. कुणी विचारलं तर तसंच करायचं होतं म्हणा. मी म्हणते.

कडेने पाणी आलं : पॅन कलता करून कागदाने टिपून घ्या, आणि पुढच्या वेळी पालक पिळा.

हिरवट-करडी छटा आली : बलकातलं लोह आणि पांढऱ्यातलं गंधक यांची ही करामत. जास्त तापलं किंवा फार वेळ गरम ठेवलं की असं होतं. खायला काही धोका नाही.

पहिलं खारट झालं : दुसऱ्या वाडग्यात आणखी एक अंडं फोडा, आणि पहिलं मीठ नसलेल्या बटाट्यासोबत वाढा.

खायला बसण्याआधी अंड्याचे वाडगे गार पाण्याने भरून ठेवा. गरम पाणी घातलंत तर उरलेलं अंडं भांड्यालाच शिजून बसतं. घासायचं काम नंतरचं, आणि ते ज्याने ऑम्लेट केलं नाही त्याचं.