जुन्या ख्रिस्ती चित्रातला संत कोण, हे ओळखायचं कसं

इटलीत किंवा स्पेनमध्ये एखाद्या म्युझियममध्ये गेलात की तिसऱ्या-चौथ्या खोलीपर्यंत सगळे संत सारखेच दिसायला लागतात, तेच सोनेरी तेजोवलय, तोच झगा, तीच वर लागलेली नजर. यावर पहिला उपाय म्हणजे चेहरा बघणं सोडून द्या. चित्रकाराने बहुतेक वेळा त्या माणसाला पाहिलेलंच नसायचं, त्यामुळे ओळख पटते ती कपडे आणि हातातल्या वस्तूंवरून. आपल्याकडे नाही का, शंख-चक्र-गदा-पद्म कुठल्या हातात आहे त्यावरून मूर्ती केशवाची की माधवाची ते ठरतं, तसंच.

आधी कपडे बघा. तेराव्या शतकात भिक्षा मागून राहणाऱ्या साधूंचे दोन मोठे संघ उभे राहिले आणि त्यानंतरच्या चित्रांत हेच लोक सारखे भेटतात. तपकिरी किंवा करडा झगा आणि कमरेला गाठी मारलेली दोरी असेल तर फ्रान्सिस्कन. आत पांढरा झगा आणि वर काळा अंगरखा असेल तर डॉमिनिकन. एवढं जमलं तरी अर्धं काम झालं.

मग जखमा. हातापायांवर क्रुसावरच्या येशूसारख्या जखमा असतील आणि झगा तपकिरी असेल तर तो असिसीचा फ्रान्सिस, डोळे झाकून सांगा. तो 1226 मध्ये वारला आणि नऊच वर्षांनी, 1235 मध्ये, चित्रकार बेर्लिंगिएरीने इटलीतल्या पेशा गावच्या चर्चसाठी रंगवलेल्या लाकडी फळीवर या जखमा दिसतात, म्हणजे ही खूण अगदी पहिल्यापासूनची आहे. तपकिरी झगा, हातात लिली आणि कडेवर बाळ येशू असेल तर पादुआचा अँथनी, पण ते बाळ नंतरच्या चित्रांत येतं, जुन्या चित्रात नुसतं पुस्तक असू शकतं. डॉमिनिकन संघ काढणाऱ्या डॉमिनिकच्या कपाळावर तारा असतो.

आता माझा सगळ्यात आवडता, डोक्यात कोयता रुतलेला डॉमिनिकन. हा वेरोनाचा पीटर, पीटर मार्टर म्हणतात त्याला. याचं घराणं कॅथार या चर्चने पाखंडी ठरवलेल्या ख्रिस्ती पंथातलं आणि हा मोठा होऊन त्याच पंथाविरुद्ध प्रचार करत फिरला, 1252 मध्ये कोमोहून मिलानला जाताना रस्त्यात त्याचा खून झाला आणि वर्षाच्या आत पोपने त्याला संत जाहीर केलं. त्याला मारणारा कारिनो पुढे पश्चात्ताप होऊन डॉमिनिकन संघातच गेला. (सिनेमात दाखवलं असतं तर आपण म्हटलं असतं काहीही दाखवतात.) फ्लॉरेन्सच्या सान मार्को मठात फ्रा अँजेलिकोने हाच पीटर ओठांवर बोट ठेवून शांत राहा सांगताना काढलाय, आता ते कळलं नाही तर एक कडक लायब्रेरियनच वाटेल.

पण मग कॅथार लोक स्वतः कुठे आहेत? इथे जरा डोकं लावावं लागतं. ते क्रुसालाच मान देत नव्हते, शरीर आणि जग हे सगळं वाईट शक्तीने घडवलंय असं मानायचे, त्यामुळे वेदीवरची चित्रं करून घेण्याचा प्रश्नच नव्हता. वर 1209 ते 1229 दक्षिण फ्रान्समध्ये त्यांच्याविरुद्ध धर्मयुद्ध चाललं आणि 1244 मध्ये माँसेग्युरचा किल्ला पडल्यावर दोनशेहून जास्त जणांना जाळलं. म्हणजे चित्रात ते दिसतात ते फक्त शत्रूच्या नजरेतून. फ्लॉरेन्सच्याच सांता मारिया नोवेल्ला चर्चच्या स्पॅनिश चॅपलमध्ये काळे-पांढरे कुत्रे लांडग्यांवर तुटून पडलेत, त्यातले कुत्रे म्हणजे डॉमिनिकन आणि लांडगे म्हणजे पाखंडी. माद्रिदच्या प्रादोमध्ये बेरुगेतेचं चित्र आहे, त्यात डॉमिनिक उंच आसनावर बसून पाखंड्यांना शिक्षा देतोय, आता गंमत बघा, डॉमिनिक 1221 मध्ये वारला आणि पोपचं इन्क्विझिशन, म्हणजे पाखंड्यांना शोधून शिक्षा देणारं न्यायालय, सुरू झालं 1230 च्या दशकात, चित्र तर पंधराव्या शतकाच्या शेवटचं. म्हणून पाटी वाचताना कोणाचं चित्र याच्या जोडीला कोणासाठी काढलं हेही बघाच.

एक फसवी जोडी सांगतो. कॅथरीन दोन आहेत. मोडलेलं चाक, तलवार, मुकुट असेल तर अलेक्झांड्रियाची राजकन्या. पांढरा झगा, काळा अंगरखा, डोक्यावर काट्यांचा मुकुट असेल तर सिएनाची, 1380 मध्ये वारलेली. हिलाही फ्रान्सिससारख्या जखमा झाल्या असं मानतात, पण चित्रात त्या नसतील तर गोंधळू नका, पोप सिक्स्टस चौथा स्वतः फ्रान्सिस्कन होता आणि त्याने तिच्या जखमा रंगवायला बंदीच घातली होती, तो मान फक्त आमच्या फ्रान्सिसचा म्हणून.

प्रॅक्टिस करायची तर युरोपचा व्हिसा लागत नाही. ओल्ड गोव्यात से कॅथेड्रलच्या मुख्य वेदीवर चाकवाल्या कॅथरीनची कथा कोरलेली आहे, कारण पोर्तुगीज सरदार अल्बुकर्कने गोवा घेतलं ते तिच्या सणाला, 25 नोव्हेंबर 1510 ला. शेजारच्याच चर्चमध्ये असिसीचा फ्रान्सिस क्रुसावरच्या येशूला कवटाळून उभा आहे. आणि रस्त्यापलीकडे बॉम जेझूमध्ये ज्याचं शव ठेवलंय तो फ्रान्सिस झेवियर, सोळाव्या शतकातला, जेझुइट या वेगळ्याच संघाचा, त्याच्या कमरेला गाठींची दोरी शोधू नका, मिळणार नाही.