तीर्थनच्या काठी गळ आणि दुर्बीण: ट्राउट व पक्षी एकाच सकाळी कसे साधावेत

हिमाचलातल्या कुल्लू जिल्ह्यात बंजारच्या पुढे तीर्थन नदीच्या काठाने छोटी रिसॉर्टं आणि घरगुती मुक्कामाची ठिकाणं आहेत. वर ग्रेट हिमालयन नॅशनल पार्क (2014 पासून जागतिक वारसा), खाली लारजीला तीर्थन सैंज नदीसह बियासला मिळते, आणि मधल्या थंड, दगडाळ पाण्यात ट्राउट. बहुतेक पाहुणे एक दिवस ‘फिशिंग’ आणि एक दिवस ‘बर्डिंग’ अशी वाटणी करतात. तसं करू नका. ट्राउट जे किडे खातो तेच नदीकाठचे निम्मे पक्षी खातात, त्यामुळे पक्षी नीट बघता आले तर मासा कुठे आहे हे कळायला मदत होते.

कधी जावं

हिमाचलात ट्राउटच्या पाण्यात 1 नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेर मासेमारी बंद असते. हा ब्राऊन ट्राउटचा विणीचा काळ. उरलेल्या आठ महिन्यांत सगळे दिवस सारखे नसतात.

मार्च-एप्रिलमध्ये पाणी स्वच्छ पण अतिशय गार असतं. मासा तळाला चिकटून सुस्त पडलेला असतो, म्हणून पहाटे उठून काकडण्यात अर्थ नाही. अकरा ते तीन ही वेळ चांगली. मे-जूनमध्ये बर्फ वितळू लागतं आणि गणित उलटं होतं. दिवसभराच्या उन्हाने वितळलेलं पाणी दुपारनंतर खाली पोचतं, नदी चढते, गढूळ होते. त्या दिवसांत सकाळी नऊच्या आत जे काय ते करून घ्यायचं. जुलै-ऑगस्ट सोडूनच द्या: दरडी, बंद रस्ते, चहाच्या रंगाचं पाणी. सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबर हा सगळ्यात भरवशाचा काळ. पाणी उतरलेलं आणि आरशासारखं असतं, पण मासाही तुम्हाला तेवढाच स्पष्ट बघतो.

पक्ष्यांसाठी एप्रिल-मे आणि ऑक्टोबर उत्तम. दोन्ही हवं असेल तर एप्रिलचा उत्तरार्ध किंवा ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा धरा.

पोचणं, परवाना आणि मुक्कामाला विचारायचे प्रश्न

दिल्ली किंवा चंदीगडहून मनालीकडे जाणाऱ्या बसने औट इथे, बोगद्याच्या आधी उतरायचं. रात्रीच्या बसमध्ये कंडक्टरला हे चढतानाच सांगा, नाहीतर झोपेत बोगदा पार होतो आणि थेट कुल्लू येतं. औटहून बंजार आणि तिथून आणखी दहाएक किलोमीटरवर गुशैणी. टॅक्सी मिळते, बसही आहे. रोख पैसे सोबत ठेवा.

मासेमारीचा परवाना राज्याच्या मत्स्य विभागाकडून, दिवसागणिक मिळतो. मुक्कामाच्या मालकाला आधी फोन करून ‘परवाना काढून ठेवता का?’ असं स्पष्ट विचारा, कारण सुट्टीच्या दिवशी पोचलात तर एक सकाळ फुकट जाते. किती मासे ठेवता येतील आणि किमान लांबी किती, या अटी परवाना घेतानाच समजून घ्या. राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत गळ टाकायला मनाई आहे. हद्द नेमकी कुठून सुरू होते ते वाटाड्याकडून पहिल्याच दिवशी समजून घ्या. उद्यानात चालत जायचं असेल तर वन विभागाची परवानगी वेगळी लागते. ती साई रोपा इथल्या उद्यानाच्या केंद्रातून घेता येते.

मुक्काम ठरवताना आणखी दोन प्रश्न. एक, गळ नदीत टाकायचा की आवारातल्या तळ्यात? काही ठिकाणी ‘ट्राउट फिशिंग’ म्हणजे पाळलेल्या माशांचं तळं असतं. लहान मुलांना त्यात मजा येते, पण त्यासाठी इतक्या लांब यायची गरज नाही. दोन, रात्री नदीवर दिवे आणि मोठ्याने गाणी असतात का? उत्तर हो असेल तर दुसरं ठिकाण बघा.

सामान

कोकणात गरवायची सवय असलेल्यांनी समुद्राची जाड काठी घरीच ठेवावी. इथे सहा ते सात फुटांची हलकी स्पिनिंगची काठी, 1000 ते 2500 आकाराचं रीळ आणि 6 पौंडाचा ताण सोसणारी मोनोफिलामेंट (एकपदरी नायलॉन) दोरी पुरते. ऑक्टोबरच्या स्वच्छ पाण्यात 4 पौंडाची चांगली. फिरत्या पात्याचे 1 आणि 2 नंबरचे स्पिनर, 3 ते 6 ग्रॅम वजनाचे, चंदेरी आणि तांबूस असे दोन्ही घ्या. कमीत कमी सहा तरी हवेत, कारण दोन-तीन दगडांत अडकून जाणारच. दोरी आणि स्पिनरच्या मध्ये छोटं स्विव्हल (गोल फिरणारी कडी) लावायला विसरू नका. नाहीतर पातं फिरून दोरीला पीळ बसतो आणि तासाभरात रिळावर गुंता होतो.

तीन तोंडांचा गळ असेल तर एकतोंडी लावा आणि गळाचा उलटा काटा पकडीने दाबून सपाट करा. दोरी ताणलेली ठेवली तर मासा सहसा निसटत नाही, शिवाय तो सोडताना आणि गळ चुकून स्वतःच्या कानात रुतला तर काढताना, दोन्ही वेळा काम सोपं होतं. गांडूळ, कणीक वगैरे आमिष टाळाच. मासा ते घशापर्यंत गिळतो, मग त्याला जिवंत सोडता येत नाही.

8×42 ची (आठपट मोठं दाखवणारी, 42 मिलिमीटर भिंगाची) दुर्बीण सगळ्यात सोयीची. पोलराइज्ड चष्मा चैनीची वस्तू वाटते, पण पाण्यावरची चकाकी कापून तळ दाखवणारं दुसरं साधन नाही. शिवाय उडत्या गळापासून डोळे वाचतात. काचा तपकिरी घ्या, काळ्या नकोत. कपडे मातकट किंवा हिरवे. पायात घट्ट पकडीचे बूट, सँडल नाहीत. काठावर बिच्छू बूटी ही खाजरी वनस्पती भरपूर आहे, म्हणून पँट पूर्ण लांबीची.

पहिला अर्धा तास: काठी हातात घ्यायची नाही

हीच पायरी लोक गाळतात आणि मग ‘नदीत मासेच नाहीत’ म्हणतात. पाण्यापासून पाच-सहा मीटर मागे, दगडाच्या आडोशाला बसा. नदीच्या आवाजात पक्ष्यांचे आवाज बुडतात, त्यामुळे कानांवर विसंबू नका, हालचाल शोधा.

पाण्याच्या मधल्या दगडावर चॉकलेटी रंगाचा, आखूड शेपटीचा पक्षी उठाबशा काढताना दिसला तर तो ब्राऊन डिपर. तो सरळ वाहत्या पाण्यात बुडी मारून तळावर चालतो आणि किड्यांच्या अळ्या टिपतो. डिपर पुन्हापुन्हा एकाच जागी बुडतोय म्हणजे तिथला तळ अळ्यांनी भरलेला आहे. त्याच्या खालच्या अंगाला, जिथे प्रवाह मंदावतो, तिथे ट्राउट असण्याची शक्यता मोठी.

दुसरा खबऱ्या प्लंबियस रेडस्टार्ट. नर पाटीच्या रंगाचा, शेपटी विटकरी, ती सारखी पसरत-मिटत असते. मादी करडी, पोटावर पांढरे ठिपके. तो दगडावरून हवेत उडी मारून किडे पकडतो. अधूनमधून एखादी उडी म्हणजे विशेष काही नाही. मिनिटामिनिटाला उड्या सुरू झाल्या तर पाण्यातून किडे वर येऊन उडायला लागलेत, आणि ट्राउटही वरच्या थरात आलेला असेल. मग स्पिनर बाजूला ठेवून तरंगती माशी, म्हणजे ड्राय फ्लाय (किड्यासारखा दिसणारा कृत्रिम गळ), लावायची वेळ झाली.

पांढऱ्या टोपीचा, पोट आणि शेपूट विटकरी असलेला व्हाइट-कॅप्ड रेडस्टार्ट ओळखायला सगळ्यात सोपा. तारेवर किंवा पाण्यावर झुकलेल्या फांदीवर काळा-पांढरा, मोठ्या तुऱ्याचा क्रेस्टेड किंगफिशर बसला असेल तर खाली उथळ पाण्यात लहान मासे आहेत. लांब, दुभंगलेल्या शेपटीचा स्पॉटेड फोर्कटेल मुख्य प्रवाहापेक्षा बाजूच्या सावलीतल्या ओढ्यांत शोधा. समोरच्या उभ्या गवताळ कड्यांवरूनही एकदा दुर्बीण फिरवा. सकाळी गोरल (बकरीसारखे डोंगरी प्राणी) चरायला येतात आणि दगडाच्या रंगात मिसळून जातात. एका जागी दोन मिनिटं नजर ठेवल्याशिवाय ते दिसत नाहीत.

उठण्यापूर्वी काठावरचे दोन-तीन दगड उलटून बघा. वाळूच्या कणांची नळी करून राहणारी कॅडिसची अळी, तीन शेपट्यांची मेफ्लाय, दोन शेपट्यांची स्टोनफ्लाय: जे जास्त दिसेल त्याच्या जवळपासची माशी निवडायची. दगड पुन्हा होते तसे ठेवा.

मासा कुठे असतो आणि त्याच्याकडे कसं जायचं

ट्राउट प्रवाहाकडे तोंड करून उभा राहतो. त्याला कमीत कमी ताकदीत जास्त खाणं हवं असतं, म्हणून तो जोरदार पाण्यात नसतो आणि पूर्ण थांबलेल्या पाण्यातही नसतो. दोहोंच्या सीमेवर असतो. मोठ्या दगडाच्या मागची शांत जागा सगळे हेरतात. दगडाच्या पुढेही पाण्याची एक गादी तयार होते, तिथेही मासा असतो हे मात्र फार कमी जणांच्या लक्षात येतं. तिसरी जागा डोहाचं शेपूट, म्हणजे डोह संपून पाणी पुन्हा उथळ होतं तो भाग.

त्याच्या शेपटीमागे त्याला दिसत नाही, म्हणून खालच्या अंगाने वर सरकत जा. वाकून चला, सूर्य पाठीशी असेल तर सावली पाण्यावर पडू देऊ नका, आणि दगड पायाखाली खडखडू देऊ नका. पाण्यातला धक्का माशाला शरीराच्या बाजूच्या रेषेने कळतो. काठाशी जाऊन उभं राहणं ही सगळ्यात मोठी चूक. अनेकदा मासा काठापासून हातभरावरच असतो आणि तुम्ही लांब गळ फेकेपर्यंत तो पळालेला असतो. पहिली फेक नेहमी जवळच्या पाण्यात करा.

गळ टाकणं, मासा ओढणं, सोडणं

आधी रिळाचा ब्रेक (दोरी किती जोराने ओढल्यावर सुटेल ते ठरवणारा) जुळवून घ्या. 6 पौंडाच्या दोरीला पाण्याने भरलेली एक लिटरची बाटली बांधून काठीच्या टोकाशी न नेता थेट रिळाखाली लटकवा; दोरी जेमतेम सरकायला लागली पाहिजे. त्याहून घट्ट ठेवलात तर मोठा मासा पहिल्याच झटक्यात दोरी तोडतो.

प्रवाहाच्या वरच्या दिशेला तिरपं फेका. एक-दोन सेकंद बुडू द्या आणि प्रवाहाच्या वेगापेक्षा थोडं जलद गुंडाळा. पातं फिरत असेल तर काठीत थरथर जाणवते. थरथर नाही म्हणजे वेग कमी. स्पिनर पृष्ठभागावर येतोय म्हणजे जास्त. एका जागी पाच-सहा फेकी पुरेत, मग वर सरका. स्पिनर अडकला तर जोर लावून ओढू नका, त्याने तो आणखी रुततो. त्याच्या वरच्या बाजूला जाऊन उलट्या दिशेने ओढा. तोडावीच लागली तर दोरी हाताला गुंडाळू नका, काटकीला गुंडाळा. तुटलेली दोरी खिशात घाला. डिपरच्या पायात ती अडकते.

माशीने मासेमारी करायची असेल तर 9 फुटी, 5 नंबरच्या दोरीला जुळणारी काठी, तरंगती दोरी आणि 5एक्स लीडर (टोकाचा बारीक धागा). काठावर अल्डरची झाडं गर्दीने उभी असल्यामुळे मागे दोरी फेकायला जागा मिळत नाही, तेव्हा घरून निघण्यापूर्वी रोल कास्ट (दोरी मागे न नेता पुढे फेकण्याची पद्धत) शिकून या. नवख्याने एका सकाळीत हे शिकायचा हट्ट धरू नये.

मासा लागला की काठी वर उचलून दोरी ताणलेली ठेवा, तो पळाला तर पळू द्या. पण तासभर दमवू नका. जाळीत घेऊन पाण्यातच ठेवा, हात ओले करून धरा (कोरड्या हाताने अंगावरचा चिकट थर निघतो आणि नंतर बुरशी लागते), पकडीने गळ काढा. फोटोसाठी दहा सेकंदांच्या वर पाण्याबाहेर नको. मग तोंड प्रवाहाकडे करून, तो स्वतःहून निसटेपर्यंत आधार द्या.

सोनेरी-तपकिरी अंगावर काळे आणि लाल ठिपके असतील तर ब्राऊन ट्राउट. कुल्लू खोऱ्यात तो 1909 च्या सुमारास इंग्रजांनी आणला. अंगावर गुलाबी पट्टा आणि शेपटीवरही ठिपके असतील तर रेनबो, तोही बाहेरचाच. तोंड खालच्या बाजूला असलेला, बारीक खवल्यांचा स्नो ट्राउट मात्र इथला मूळचा, कार्पच्या कुळातला. तो लागला तर सोडून द्यावा. जेवायला ट्राउट हवाच असेल तर स्वयंपाकघरात सांगा, खोऱ्यातल्या मत्स्यपालन केंद्रांतला मिळतो आणि चवीत फार फरक पडत नाही.

वरच्या जंगलात एक दिवस

गुशैणीहून उद्यानाच्या दारापर्यंत नदीकाठाने साधारण आठ किलोमीटर चाल आहे. जाऊन-येऊन पूर्ण दिवस धरा आणि उजाडताच निघा. वाटेत कालिज, वर ओकच्या जंगलात कोक्लास, हे दोन्ही रानकोंबड्यासारखे पक्षी. मोनाल आणि स्थानिक लोक ज्याला जुजुराणा म्हणतात तो वेस्टर्न ट्रॅगोपॅन आणखी उंचावर राहतात. त्यांच्यासाठी वाटाड्यासह वर मुक्काम करावा लागतो. एका दिवसात जुजुराणा दाखवतो असं कोणी म्हटलं तर त्याचं मनावर घेऊ नका. एप्रिल-मे हा त्यांचा विणीचा काळ, तेव्हा मोबाइलवर आवाज वाजवून पक्षी बोलावायचा प्रकार अजिबात नको. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मक्याच्या शेतात आणि सफरचंदाच्या बागांत अस्वलं उतरतात, त्यामुळे अंधार पडल्यावर आणि पहाटे शेतवाटेने एकट्याने जाऊ नये.

पाण्याची भीती बाळगा

गुडघ्याच्या वर पाण्यात उतरू नका. तीर्थनवर धरण नसल्यामुळे अचानक पाणी सोडलं जात नाही, पण वर ढगफुटी झाली तर इथे ऊन असतानाही पूर येतो. पाणी एकाएकी गढूळ झालं, काटक्या-पानं वाहत आली किंवा मघाशी कोरडा असलेला दगड ओला दिसला, तर सामान गोळा करत न बसता आधी वर चढा. लारजीच्या खाली बियासच्या पात्रात तर फोटोसाठीही उतरू नका: 8 जून 2014 रोजी लारजी धरणातून सोडलेल्या पाण्यात थलौटजवळ हैदराबादच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचे 24 विद्यार्थी वाहून गेले. त्या पट्ट्यात धोक्याचा भोंगा वाजला की काठापासून दूर व्हायचं, काठी पाण्यात राहिली तरी राहू द्यायची.