दोन लहान मुलांसाठी कार सीट कशी निवडावी

आमची पहिली कार सीट मी कापडाचा रंग बघून घेतली होती. घरी आणून गाडीत ठेवली तेव्हा कळलं, की तिचा सपोर्ट लेग, म्हणजे सीटखालून गाडीच्या तळावर टेकणारा पाय, नेमका तळातल्या सामानाच्या खणाच्या झाकणावर येतोय. झाकणावर थाप मारली तर पोकळ आवाज आला. जोराचा धक्का बसला असता तर पाय झाकण फोडून आत गेला असता आणि सीट मुलासकट पुढे झुकली असती. गाडीच्या माहितीपुस्तकात तशी सूचना होती, पण वाचली होती कोणी? सीट परत केली. धाकटीच्या वेळी क्रम उलटा केला: आधी मुलांची मापं, मग गाडी, आणि सीट सगळ्यांत शेवटी. तोच क्रम इथे सांगतो.

१. मुलांना मोजा, वय विसरा

दुकानात पहिला प्रश्न येतो, 'बाळ केवढं आहे?' आणि आपण महिने सांगतो. पण सीट ठरते ती किलो आणि सेंटिमीटरवर. चालतं मूल भिंतीला टेकवून मोजा. तान्ह्या बाळाला सपाट झोपवून टाळूपासून टाचेपर्यंत टेप लावा. वजनासाठी बाळाला कडेवर घेऊन काट्यावर उभं राहा आणि त्यातून आपलं वजन वजा करा.

आता सीटवरचं लेबल बघा. युरोपातल्या नियमांनुसार बनलेल्या सीटवर 'आर ४४' किंवा 'आर १२९' लिहिलेलं असतं. आर ४४ जुना, वजनावर चालणारा: तान्ह्या बाळाची सीट १३ किलोपर्यंत, त्यापुढची ९ ते १८ किलो, आणि बूस्टर, म्हणजे मुलाला उंच करून गाडीचाच सीटबेल्ट नीट बसवणारी बैठक, साधारण १५ ते ३६ किलो. आर १२९ हा २०१३ मध्ये आला. त्यात मुख्य माप उंचीचं आहे, आणि बाजूने बसणाऱ्या धडकेची चाचणीही आहे, जी आर ४४ मध्ये नव्हती. 'आय-साइझ' हे नाव याच नव्या नियमातलं. दोन्हीतलं निवडायला मिळत असेल तर नवा घ्या. आणि मुलाला गाडीच्या सीटला नुसत्या पट्ट्यांनी बांधणाऱ्या, कसलंही प्रमाणपत्र नसलेल्या कापडी गाद्या 'कार सीट' म्हणून विकल्या जातात, त्यांच्याकडे वळूनही बघू नका.

२. मग गाडी तपासा

मागच्या सीटची पाठ आणि बैठक जिथे मिळतात त्या फटीत हात घाला. साधारण २८ सेंटिमीटर अंतरावर दोन लोखंडी कड्या लागल्या तर गाडीत आयसोफिक्स, म्हणजे सीट बेल्टशिवाय थेट गाडीला अडकवायची सोय, आहे. मधल्या जागेवर त्या बहुतेक गाड्यांत नसतात. आयसोफिक्स नसलं तरी हातपाय गाळू नका. सीटबेल्टने बसवायची चांगली सीटही तितकीच पक्की बसते, फक्त ती चुकीची बसवणं सोपं असतं.

आयसोफिक्सला वजनाची मर्यादा आहे. आर १२९ च्या, स्वतःचा हार्नेस (मुलाला बांधणारे सीटचेच पट्टे) असलेल्या आयसोफिक्स सीटमध्ये सीट आणि मूल मिळून ३३ किलोच्या वर जाता येत नाही. सीटच १४ किलोची असेल तर मुलाच्या वाट्याला १९ राहिले. थोरल्यासाठी सीट घेताना हे गणित आधी करा.

तळातला खण आहे का, तेही बघून घ्या. आमची चूक तुम्ही परत करायला नको.

शेवटी सीट प्रत्यक्ष गाडीत ठेवून बघा, आणि दोन मुलं असतील तर दोन्ही सीट एकाच वेळी. विक्रेता गाडीपर्यंत यायला तयार नसेल तर दुसरा विक्रेता शोधावा, असं माझं स्पष्ट मत आहे. तान्ह्या बाळाची सीट पुरेशी तिरकी केल्यावर पुढे बसणाऱ्याचे गुडघे डॅशबोर्डला लागत असतील, तर ती सीट कितीही नावाजलेली असो, त्या गाडीची नाही.

३. तोंड कुठल्या दिशेला?

यावर घरात सगळ्यांत जास्त वाद होतो. 'पोराला उलटं का बसवलंय? त्याला बाहेरचं काही दिसत नाही, पाय बघ कसे दुमडलेत,' हे आमच्या आईचं वाक्य मला तोंडपाठ आहे.

कारण मानेत आहे. नवजात बाळाचं डोकं त्याच्या लांबीच्या जवळजवळ एक चतुर्थांश असतं. मोठ्या माणसाचं साधारण एक अष्टमांश. एवढं जड डोकं ज्या मानेवर आहे तिच्या मणक्यांचे भाग अजून कूर्चेने जोडलेले असतात, पूर्ण हाड व्हायला काही वर्षं जातात. समोरून धडक बसली की पुढे तोंड असलेल्या बाळाचं धड पट्टे अडवतात, पण डोकं पुढे फेकलं जातं आणि सगळा ताण मानेवर येतो. मागे तोंड असेल तर डोकं, मान आणि पाठ एकदमच सीटच्या पाठीत दाबली जातात आणि धक्का पसरतो. ही कल्पना स्वीडनमधली, १९६० च्या दशकातली. बर्टिल आल्डमन या संशोधकाला ती अवकाशवीरांच्या उड्डाणातल्या आसनांवरून सुचली. स्वीडनमध्ये आजही चार वर्षांपर्यंतची मुलं मागे तोंड करून बसतात.

आर १२९ मध्ये १५ महिने पूर्ण होईपर्यंत पुढे तोंड करायला परवानगीच नाही. गफलत इथे होते. १५ महिने ही किमान अट आहे, सीट फिरवायचा मुहूर्त नव्हे. सीटची वजन-उंचीची मर्यादा गाठेपर्यंत मागेच तोंड ठेवा. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनेही २०१८ पासून वयाची अट काढून हेच सांगायला सुरुवात केली. पाय दुमडले तर दुमडू द्या. मुलं तशीही जमिनीवर मांडी घालून तासन्‌तास खेळतात.

मागे तोंड असलेली सीट चालू एअरबॅगसमोर कधीही ठेवायची नाही. एअरबॅग उघडताना थेट सीटच्या पाठीवर, म्हणजे बाळाच्या डोक्यामागेच आदळते.

आणि 'मी मांडीवर धरते ना घट्ट' याचंही उत्तर देऊन टाकतो. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी धडकून अर्ध्या-पाऊण मीटरात थांबली, तर १० किलोच्या बाळाला धरून ठेवायला दीडशे किलोच्या आसपास वजन पेलण्याइतका जोर लागतो. कुठल्याच हातांत तो नसतो.

४. कुठला प्रकार कोणासाठी

तान्ह्या बाळासाठी दोन वाटा आहेत. एक म्हणजे मूठ असलेली कॅरिअर सीट. झोपलेलं बाळ न उठवता घरात नेता येतं, नवजात बाळाला ती नीट बसते, पण वर्ष-सव्वा वर्षात लहान होते, तीही बहुतेक वेळा वजनाने नव्हे तर उंचीने. दुसरी कन्व्हर्टिबल, जी आधी मागे आणि नंतर पुढे तोंड करून वापरता येते. ती गाडीतच राहते आणि चार वर्षं किंवा जास्त चालते. मात्र अगदी नवजात बाळ तिच्यात घरंगळतं का, हे बसवूनच बघावं लागतं.

थोरला दोन-अडीच वर्षांचा असेल तर माझा हिशोब असा: त्याला कन्व्हर्टिबलमध्येच, मागे तोंड करून ठेवा. त्याचीच जुनी कॅरिअर धाकट्या बाळाला द्या, अट एवढीच की तिची मुदत संपलेली नसावी आणि ती कुठल्या अपघातातून गेलेली नसावी. म्हणजे नवी खरेदी धाकटं वर्षाचं झाल्यावर, आणि तेव्हा पैसा दुसऱ्या कन्व्हर्टिबलवर घाला. थोरल्याला घाईने बूस्टरवर बसवून त्याची सीट धाकट्याला देण्याचा मोह सगळ्यांना होतो. पण बूस्टरवर सीटबेल्ट खांद्यावरून आणि मांड्यांवरून जागच्या जागी राहावा लागतो, आणि अडीच वर्षांचं मूल दोन मिनिटंही तसं बसत नाही.

सगळ्या वयांसाठी एकच सीट, जन्मापासून बारा वर्षांपर्यंत, असंही मिळतं. एका मुलासाठी ठीक. दोघांसाठी मला ती पटलेली नाही. अशी सीट अवजड असते, दोन शेजारी बसवल्या की मधली जागा संपते.

दुसऱ्याने वापरलेली सीट फक्त अशा माणसाकडून घ्या जो तिचा पूर्ण इतिहास सांगू शकेल. प्लास्टिकवर उत्पादनाची तारीख असते, बहुतेकांची मुदत त्यापासून ६ ते १० वर्षं.

५. कोण कुठे बसणार

मधली जागा दोन्ही बाजूंच्या धडकेपासून सर्वांत लांब, म्हणून कागदावर ती उत्तम. पण सीट तिथे पक्की बसत नसेल तर त्या अंतराचा उपयोग नाही. दोन सीट असल्या की बहुधा दोन्ही बाजूच्या जागाच उरतात. ज्या मुलाला आपण उचलून ठेवतो त्याची सीट फुटपाथच्या बाजूला घ्या, म्हणजे वाहत्या रस्त्यात पाठ करून वाकावं लागत नाही. आमचा थोरला हातातली कडक खेळणी बाजूला भिरकावतो, म्हणून त्याच्या हाती गाडीत फक्त कापडी ससा मिळतो.

६. बसवा आणि हलवून बघा

सीट बसवताना गाडी सपाट जागेवर हवी, नाहीतर तिरकेपणाचा दर्शक चुकीचं दाखवतो. बेल्ट किंवा आयसोफिक्स यांपैकी एकच वापरा. दोन्ही एकदम, फक्त सीटच्या पुस्तकात तसं म्हटलं असेल तरच. पुढे तोंड असलेल्या सीटला टॉप टेदर, म्हणजे सीटचा वरचा भाग मागे अडकवणारा पट्टा, असेल तर तो गाडीतल्या त्याच्याच कडीला लावा. सामान बांधायच्या हुकाला नव्हे. मग बेल्ट जातो त्याच ठिकाणी सीट धरून हलवा. अडीच सेंटिमीटरपेक्षा जास्त सरकली तर पुन्हा बसवा.

नंतर हार्नेस. मागे तोंड असताना खांद्याचे पट्टे खांद्याच्या पातळीला किंवा किंचित खालून यायला हवेत. पुढे तोंड असताना खांद्याच्या पातळीला किंवा किंचित वरून. पट्ट्याला पीळ नको. खांद्यापाशी पट्टा चिमटीत धरून घडी घालायचा प्रयत्न करा. घडी पडली तर पट्टा सैल आहे. जाड जॅकेट आधी काढा. त्यातला फुगीर भाग धक्क्यात दबतो आणि घट्ट वाटलेला पट्टा सैल पडतो. थंडी असेल तर पट्टे लावून वरून पांघरूण घाला. सीटबरोबर न आलेल्या उशा आणि गाद्या घालू नका. पट्टे मळले तर ओल्या फडक्याने पुसा, साबणात भिजवू नका.

तान्ह्या बाळाची हनुवटी छातीला टेकत असेल तर सीट आणखी तिरकी करायला हवी. हनुवटी अशी टेकली की बाळाचा श्वास कोंडू शकतो. याच कारणासाठी लांबच्या प्रवासात दर दोन तासांनी थांबून बाळाला बाहेर काढून सपाट झोपवा, अगदी नवजात असेल तर त्याहूनही लवकर. घरी आल्यावर कॅरिअरमध्येच झोपू देण्याची सवय लावू नका. ती पाळणा नाही.

दर महिन्याला वजन घेता त्याच दिवशी डोक्याची जागाही बघा. मागे तोंड असताना सीटच्या पाठीचा वरचा काठ डोक्याच्या वर अडीच सेंटिमीटर तरी उरायला हवा. पुस्तकात वेगळं दिलं असेल तर त्याप्रमाणे.

मुलांना गाडीतून नेणाऱ्या प्रत्येकाकडून, म्हणजे आजी-आजोबा, काका, सांभाळणारी ताई, बकल स्वतःच्या हाताने दोनदा लावून-काढून घ्या. लाल बटण मुद्दाम कडक असतं, मुलाच्या बोटाने उघडू नये म्हणून. आमच्या बाबांचा अंगठा पहिल्यांदा त्यावरून तीनदा घसरला. मग त्यांना युक्ती सापडली: एका हाताने पट्ट्यांच्या जिभा बकलमध्ये किंचित आत दाबायच्या आणि दुसऱ्या हाताने बटण. आता धाकटीला गाडीतून काढायचा मान त्यांचाच असतो.