नव्या लॅपटॉपसाठी वायफाय कार्ड कसं निवडावं

खोक्यावरचा वेग वाचून वायफाय कार्ड घेऊ नका. '२४०२ एमबीपीएस' हा दोन अँटेना आणि १६० मेगाहर्ट्‌झचा चॅनेल धरून काढलेला कागदी आकडा आहे. राउटर ८० मेगाहर्ट्‌झवर थांबत असेल तर तो तिथेच निम्मा होतो.

आधी कार्ड बदलता येतं का ते बघा. बऱ्याच पातळ लॅपटॉपमध्ये ते बोर्डालाच डकवलेलं असतं. सर्व्हिस मॅन्युअलमध्ये वायरलेस कार्ड काढण्याची कृतीच दिलेली नसेल, तर बहुधा विषय संपला. कृती असेल तर आकार बहुतेक वेळा एम.२ २२३०, म्हणजे २२ बाय ३० मिलिमीटर.

आता खरी मेख. इंटेलची कार्डं दोन जातींची असतात. एक स्वयंपूर्ण, ते पीसीआय एक्सप्रेसवर, म्हणजे बोर्डावरच्या नेहमीच्या जोडणीवर चालतं. दुसरी जात सीएनव्हीआय. तिच्यात वायफायचं निम्मं डोकं इंटेलच्या प्रोसेसरात किंवा चिपसेटमध्ये असतं, कार्डावर मुख्यतः रेडिओ. दोन्ही एकाच स्लॉटमध्ये बसतात, स्क्रूही तोच, आणि इथेच माणूस फसतो.

मी फसलो. एएमडी प्रोसेसरच्या लॅपटॉपमध्ये स्वस्तात मिळालं म्हणून सीएनव्हीआय कार्ड बसवलं. विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये, म्हणजे जोडलेल्या भागांच्या यादीत, त्याचा मागमूस नाही. दोन संध्याकाळी ड्रायव्हर काढले-घातले, कार्डाचे सोनेरी दात खोडरबरानं घासले, बायोस अपडेट केलं. 'ड्रायव्हर टाका, होईल' असं सांगणाऱ्यांचं तेव्हा खरं वाटत होतं. ज्या कार्डाचं अर्धं अंग त्या मशीनमध्ये नाहीच, त्याला ड्रायव्हर काय करणार?

म्हणून क्रमांकाचा शेवटचा आकडा बघा. एएक्स२००, एएक्स२१०, बीई२००: शेवटी शून्य, म्हणजे स्वयंपूर्ण. एएक्स२०१, एएक्स२११, बीई२०१: शेवटी एक, म्हणजे सीएनव्हीआय. त्याआधीच्या पिढ्यांना ही खूण लावू नका. ९५६० शून्यावर संपतं, तरी ते सीएनव्हीआयच. प्रोसेसर इंटेलचा असला म्हणून सीएनव्हीआय डोळे मिटून घेऊ नका, कारण त्यातही प्रोसेसरच्या आणि कार्डाच्या पिढ्या जुळाव्या लागतात. उलट बाजूनंही अडचण येते: काही बोर्डांवर त्या स्लॉटला फक्त सीएनव्हीआयच्याच तारा जोडलेल्या असतात आणि तिथे एएक्स२१० मुकं बसतं. मॅन्युअलमधल्या यादीत दोन्ही जातींची कार्डं दिसली तर निर्धास्त राहा. एकच दिसली तर तीच घ्या.

एएमडी असेल तर एएक्स२१० किंवा मीडियाटेकचं एमटी७९२२, एवढंच माझं उत्तर. बीई२०० च्या मोहात पडू नका, बरीच एएमडी मशीन ते ओळखतच नाहीत. लिनक्सवाल्यांनी एएक्स२१० साठी कर्नल किमान ५.१० आहे ना, ते पाहावं.

वायफायची पिढी राउटर बघून ठरवा. राउटर ५ गिगाहर्ट्‌झपर्यंतचाच असेल तर वायफाय ६ पुरे. ६ गिगाहर्ट्‌झ असेल तर वायफाय ६ई, पण विंडोजवर तो पट्टा वापरायला विंडोज ११ लागतं. वायफाय ७ चा ३२० मेगाहर्ट्‌झचा चॅनेलही ६ गिगाहर्ट्‌झमध्येच मिळतो. तसा राउटर घरात नसेल तर माझ्या मते ते पैसे वाया.

पैसे देण्याआधी खालचं झाकण उघडून अँटेनाच्या तारा मोजा. काही स्वस्त लॅपटॉपमध्ये एकच असते, आणि मग दोन अँटेनांच्या कार्डाचा अर्धा वेग तिथेच गेला. जुन्या लॅपटॉपमधून काढलेल्या तारा वापरू म्हणाल, तर एम.२ च्या आधीच्या मिनी कार्डाच्या काळातल्या तारांची टोकावरची टोपी मोठी असते, ती एम.२ कार्डावर बसत नाही. बसवताना टोपी बरोबर वर धरा, नखानं सरळ खाली दाबा आणि बारीकशी 'टक्' ऐकू आली की थांबा. तिरकी असताना जोर लावलात तर कार्डावरची कडी चेपते, आणि नवं कार्ड आणायला पुन्हा निघावं लागतं.