यूकास क्लिअरिंग: या चुका टाळा

ब्रिटनमधल्या विद्यापीठांत पदवी अभ्यासक्रमांच्या ज्या जागा उन्हाळ्यापर्यंत रिकाम्या राहतात, त्या भरायची यूकासची, म्हणजे तिथले प्रवेश अर्ज एकत्र हाताळणाऱ्या संस्थेची, पद्धत म्हणजे क्लिअरिंग. जुलैच्या सुरुवातीला ते उघडतं आणि ऑक्टोबरमध्ये बंद होतं. २०२५ साली २ जुलै ते २० ऑक्टोबर. खरी झुंबड उडते ए-लेव्हलच्या (तिथल्या बारावीच्या) निकालादिवशी, ऑगस्टच्या मध्यावरच्या एका गुरुवारी. आपल्याकडची कॅप राउंड डोक्यात ठेवून यात उतरलं की इथेच पाय घसरतो. क्लिअरिंगमध्ये गुणवत्ता यादी नाही, फेऱ्या नाहीत, पसंतीक्रमाचा फॉर्म नाही. आधी विद्यापीठाशी बोलायचं, त्यांनी तोंडी होकार द्यायचा, मग यूकासवर आपली निवड म्हणून ती जागा टाकायची, आणि तीही एका वेळी एकच. बहुतेक घोळ हा क्रम उलटा केल्याने होतात.

हबवर काय लिहिलंय ते न वाचणं

निकालात अपेक्षेपेक्षा एक ग्रेड कमी आली की मुलं लगेच दुसऱ्या विद्यापीठांना फोन लावतात. पण ग्रेड हुकली म्हणजे जागा गेली असं नसतं. फर्म म्हणून, म्हणजे पहिली पसंती म्हणून, निवडलेलं विद्यापीठ थोडे कमी गुण असले तरी बऱ्याचदा घेतं. यूकास हबवर, म्हणजे अर्जाच्या ऑनलाइन खात्यावर, ‘तुम्ही क्लिअरिंगमध्ये आहात’ अशा अर्थाचा संदेश येत नाही, तोवर तुमचा अर्ज फर्म किंवा इन्शुरन्स (राखीव पसंतीच्या) विद्यापीठाच्या ताब्यात आहे आणि दुसरं कोणी तुम्हाला यूकासवर घेऊ शकत नाही. दुपारपर्यंत हब ढिम्म असेल तर पहिला फोन फर्म विद्यापीठाला करा आणि सरळ विचारा, निर्णय झाला का?

आणखी एक गोम आहे. कधीकधी विद्यापीठ मूळ अभ्यासक्रमाऐवजी दुसराच देऊ करतं, किंवा त्याच अभ्यासक्रमाला फाउंडेशन वर्ष, म्हणजे पदवीआधीचं तयारीचं वर्ष, जोडतं. हबवर अभिनंदनाचा सूर दिसतो आणि घरात पेढे वाटले जातात. अभ्यासक्रमाचं नाव, कोड आणि सुरू होण्याचं वर्ष हे तिन्ही वाचल्याशिवाय ‘मिळालं’ म्हणू नका. असा बदललेला प्रस्ताव स्वीकारायचा की नाही हे तुम्हीच ठरवायचं असतं, आणि त्याला मुदत असते.

जागा सोडण्याचं बटण आधी दाबणं

सगळ्यात महाग चूक हीच. निकाल अपेक्षेपेक्षा चांगला आला, किंवा मन बदललं, तर मिळालेली जागा सोडून क्लिअरिंगमध्ये जाता येतं. त्यासाठी हबवर २०१९ पासून वेगळं बटण आहे. (इंटरनेटवरच्या जुन्या लेखांत ‘ॲडजस्टमेंट’ सापडेल. ती सोय २०२२ मध्ये बंद झाली, शोधत बसू नका.) हे बटण दाबलं की माघारी फिरता येत नाही. फर्म जागा जाते, आणि ती सोडली म्हणून इन्शुरन्सवाल्यांकडे आपोआप उडी बसत नाही. तुम्ही थेट क्लिअरिंगमध्ये पडता, हातात काहीही नसताना.

म्हणून क्रम असा ठेवा. नव्या विद्यापीठाला फोन, तोंडी होकार, होकाराचा ई-मेल, त्यातला कोड आणि मुदत तपासणं, मग जुनी जागा सोडणं आणि शेवटी नवी टाकणं. तोंडी होकार हवे तितके गोळा करा, त्यात काही गैर नाही. यूकासवर मात्र एकच जागा टाकता येते, आणि ते टाकणं म्हणजेच तुमचा होकार. विद्यापीठाने ती पक्की केली की शोध संपला. त्यांनी नाकारली तरच दुसरी टाकता येते, आणि तोवर वेळ निघून जातो. होकार न घेता ‘बघू तर खरं’ म्हणून कुठेतरी जागा टाकणाऱ्यांचं नुकसान नेमकं असं होतं. हबवरच्या सुचवण्यांमध्ये एखाद्या अभ्यासक्रमापुढे ‘रस आहे’ असं दाबलं, तर तोही अर्ज होत नाही. विद्यापीठाला तुमचं नाव फक्त कळतं.

निकालादिवशी नवी जागा टाकण्याची सोय २०२४ आणि २०२५ मध्ये ब्रिटनच्या दुपारी १ वाजता सुरू झाली, म्हणजे भारतातले साडेपाच. फोन त्याच्या कितीतरी आधी, सकाळपासूनच करायचे असतात.

नावसाधर्म्य

लीड्स आणि लीड्स बेकेट, नॉटिंगहॅम आणि नॉटिंगहॅम ट्रेंट, बर्मिंगहॅम आणि बर्मिंगहॅम सिटी या तीन जोड्यांमध्ये दर वेळी दोन वेगळी विद्यापीठं आहेत. लीड्सचा संस्था कोड एल२३, लीड्स बेकेटचा एल२७. घाईत यादीतलं चुकीचं नाव निवडलं तर ते विद्यापीठ तुम्हाला ओळखतही नाही आणि जागा नाकारतं. फोनवर संस्था कोड आणि चार अक्षरी अभ्यासक्रम कोड उलट वाचून दाखवा. बी आणि डी, एम आणि एन फोनवर हमखास गडबडतात. कोडच्या शेवटी एफ दिसला तर तो फाउंडेशन वर्षाचा असण्याची शक्यता बरीच, तेव्हा विचारून घ्या.

बाबांनी फोन लावणं

आईवडिलांचं इंग्रजी मुलापेक्षा सफाईदार असलं तरी विद्यापीठ त्यांच्याशी अर्जाबद्दल बोलणार नाही. अर्जात त्यांचं नाव अधिकृत प्रतिनिधी म्हणून दिलेलं असेल तर वेगळी गोष्ट, आणि तरीही प्रवेश अधिकाऱ्याला मुलाच्या तोंडूनच ऐकायचं असतं. आईबाबांनी शेजारी बसून नोंदी घ्याव्यात.

समोर एक कागद हवा. यूकासचा पर्सनल आयडी, हबवर क्लिअरिंग क्रमांक दिसत असेल तर तो, दहावी-बारावीचे विषयवार गुण, इंग्रजी चाचणीचे गुण, आणि ‘हाच विषय का’ याचं दोन वाक्यांत उत्तर. शेवटच्या मुद्द्याला मुलं अडखळतात, कारण वैयक्तिक निवेदन दुसऱ्याच विषयासाठी लिहिलेलं असतं. क्लिअरिंगमध्ये ते यूकासवर बदलता येत नाही, पण नवा मजकूर ई-मेलने पाठवू का, असं फोनवर विचारता येतं. फोन ठेवण्याआधी बोलणाऱ्या व्यक्तीचं नाव, होकाराची मुदत आणि वसतिगृहात क्लिअरिंगवाल्यांना खोली मिळते का, हे लिहून घ्या. खोलीची हमी अनेक ठिकाणी फक्त फर्मवाल्यांना असते.

भारतातून फोन करणाऱ्यांनी आदल्या आठवड्यात मोबाइलवर आयएसडी सुरू करून घ्या. ०८०० ने सुरू होणारे मोफत क्रमांक परदेशातून सहसा लागत नाहीत, म्हणून +४४ ने सुरू होणारा क्रमांक शोधून ठेवा.

बारावीचे गुण चुकीच्या ओळीत मोजणं

यूकास टॅरिफमध्ये, म्हणजे ग्रेडना गुण देणाऱ्या तक्त्यात, ए-लेव्हलच्या ए ला ४८, बी ला ४०, सी ला ३२ गुण, म्हणून एबीबी म्हणजे १२८. एचएससी या तक्त्यात नाहीच, त्यामुळे टक्क्यांचं टॅरिफमध्ये रूपांतर करून देणाऱ्या वेबसाइटवर विसंबू नका. विद्यापीठाच्या भारतासाठीच्या पानावर बहुधा दोन ओळी असतात. एक सीबीएसई आणि आयएससीची, दुसरी राज्य मंडळांची, आणि दुसरीतली टक्केवारी बऱ्याचदा जास्त असते. काही विद्यापीठं महाराष्ट्र बोर्डाला पहिल्या ओळीत घेतात. आपण कुठे बसतो, एकूण टक्केवारी धरतात की उत्तम चार विषय, आणि बारावीच्या इंग्रजीवर आयईएलटीएस ही इंग्रजी चाचणी माफ होते का, हे तिन्ही आधी विचारा. वाणिज्य शाखेत गणिताऐवजी एसपी (सेक्रेटेरियल प्रॅक्टिस) घेतलेल्यांना अर्थशास्त्राच्या अनेक अभ्यासक्रमांची दारं बंद असतात, तिथे फोन वाया घालवू नका.

एचएससीचा निकाल मे महिन्यात लागतो आणि आपल्या मंडळाचे गुण यूकासकडे आपोआप जात नाहीत. गुणपत्रिका तुम्हालाच पाठवावी लागते. ३० जूननंतर केलेला नवा अर्ज थेट क्लिअरिंगमध्येच जातो. म्हणजे गुण हातात असलेल्या मुलाने ए-लेव्हलच्या गर्दीची वाट पाहायचं कारणच नाही, जुलैचा पहिला आठवडा त्याचा. पण अर्जाला संदर्भपत्र लागतं, आणि ते देणारे सर सुट्टीवर असतील तर सगळं अडतं. गुणपत्रिकेवर आडनाव आधी छापतात, पासपोर्टवर ते वेगळ्या रकान्यात असतं. यूकासवर नाव पासपोर्टप्रमाणेच भरा.

ब्रिटनमध्ये राहतो म्हणजे होम फी, हा समज

रेडिंग, स्लाउ, मिल्टन कीन्सला नोकरीनिमित्त स्थायिक झालेल्या कुटुंबांना हा फटका बसतो. मुलगी तिथेच शाळेत शिकली, ए-लेव्हल दिल्या, पण कुटुंब अजून स्किल्ड वर्कर व्हिसावर असेल तर ती सहसा होम फीमध्ये, म्हणजे स्थानिक विद्यार्थ्यांच्या कमी फीत, बसत नाही. इंग्लंडमध्ये होम फीची कमाल मर्यादा २०२५-२६ साठी ९,५३५ पौंड होती, आंतरराष्ट्रीय फी तिच्या दुप्पट-तिप्पट असू शकते. नेहमीच्या नियमात आधीची तीन वर्षं तिथलं वास्तव्य लागतं आणि कायम वास्तव्याचा परवाना शैक्षणिक वर्षाच्या पहिल्या दिवशी हातात असावा लागतो. शरद ऋतूत सुरू होणाऱ्या अभ्यासक्रमासाठी तो दिवस १ सप्टेंबर. परवाना २० सप्टेंबरला मिळाला तर तो उशिराच. तोंडी होकार घेताना ‘फी कोणत्या दर्जाने?’ हे विचाराच.

पैसे नंतर बघू

भारतातल्या मुलांची जागा बहुधा गुणांमुळे जात नाही, बँक स्टेटमेंटमुळे जाते. व्हिसासाठी पहिल्या वर्षाची उरलेली फी आणि राहण्याचा खर्च दाखवावा लागतो. नोव्हेंबर २०२५ पासून लंडनमध्ये महिना १,५२९ पौंड, बाहेर १,१७१, जास्तीत जास्त नऊ महिन्यांचे. म्हणजे लंडनसाठी फी वगळून १३,७६१ पौंड आणि लंडनबाहेर १०,५३९. हे पैसे सलग २८ दिवस खात्यात असावे लागतात आणि त्या मुदतीचा शेवटचा दिवस अर्जाच्या ३१ दिवसांहून जुना चालत नाही.

२०२५ चं उदाहरण घ्या. निकाल १४ ऑगस्टला, गुरुवारी. १५ ला बँका बंद. सोमवारी १८ ला एफडी मोडून पैसे बचत खात्यात आले, तर २८ दिवस १४ सप्टेंबरला पूर्ण होतात. १५ ला अर्ज, नेहमीच्या वेगाने तीन आठवडे, म्हणजे ६ ऑक्टोबर. वर्ग सप्टेंबरच्या शेवटाला सुरू झालेले असतात आणि उशिरा येण्याची मुदत बऱ्याच ठिकाणी संपलेली असते. जादा पैसे भरून अर्ज लवकर निकाली काढता येतो, २८ दिवस मात्र कोणालाही कमी करून मिळत नाहीत. मध्ये २७ ऑगस्टला गणपती. त्या गडबडीत त्याच खात्यातून विमानाचं तिकीट काढलं आणि शिल्लक एका दिवसासाठी जरी रेषेखाली गेली, तरी मोजणी पहिल्यापासून.

म्हणून पैसे जुलैतच लावून ठेवा, आणि थोडे जास्त ठेवा. रुपयांचं पौंडात रूपांतर अर्जाच्या दिवशीच्या दराने होतं. खातं विद्यार्थ्याचं किंवा आईवडिलांचं हवं. काकांचे किंवा मामांचे पैसे त्यांच्याच खात्यात असून चालत नाहीत. वडिलांचं खातं असेल तर त्यांचं संमतिपत्र आणि जन्मदाखला लागतो. महापालिकेचा दाखला फक्त मराठीत असेल तर प्रमाणित इंग्रजी भाषांतरही जोडा. शेअर आणि म्युच्युअल फंड धरत नाहीत. शैक्षणिक कर्ज विद्यार्थ्याच्या नावावर मंजूर असेल तर मात्र २८ दिवसांची अट लागत नाही, बँकेचं पत्र सहा महिन्यांच्या आतलं हवं. क्लिअरिंगच्या घाईत हाच रस्ता सगळ्यात सोपा.

क्षयरोगाची तपासणीही आधीच करून घ्या, प्रमाणपत्र सहा महिने चालतं. आणि चार वर्षांच्या एमइंजची (अभियांत्रिकीची पदवी आणि मास्टर्स एकत्र) जागा मिळत असेल तर एटीएएस, म्हणजे संवेदनशील तांत्रिक विषयांसाठीचा ब्रिटिश सरकारचा परवाना लागतो का ते फोनवरच विचारा. काही अभियांत्रिकी विषयांना तो लागतो आणि त्याला किमान ३० कामकाजाचे दिवस धरावे लागतात. तेवढा वेळ नसेल तर त्याच विषयाची तीन वर्षांची बीइंज (नुसती पदवी) मागा.

अर्ज एजंटमार्फत केला असेल तर यूकासवरचा ई-मेल आणि पासवर्ड कोणाचा आहे ते आजच पाहा. तो एजंटचा असेल तर होकाराचं पत्र त्याच्याकडे जाईल, आणि मुदत तुमची संपेल.