घटस्फोटाचे कागद करताना या चुका टाळा

मी कौटुंबिक न्यायालयात वकिली करते आणि इतक्या वर्षांत एक गोष्ट पक्की कळलीय, केस समोरच्या वकिलामुळे बिघडते त्याहून जास्त वेळा आपल्याच दोन कागदांचा एकमेकांशी मेळ बसत नाही म्हणून बिघडते.

एका ताईंच्या पिटीशनमध्ये लिहिलं होतं की नवराबायको जून २०२१ पासून वेगळे राहतात. उलटतपासणीत समोरच्या वकिलांनी त्यांच्या हातात भाडेकरार दिला, नोव्हेंबर २०२१ चा, दोघांच्या सह्या, दोघांचे फोटो. ही सही तुमचीच का, एवढंच विचारलं. ताई गप्प झाल्या. खरं काय होतं तर दोघं त्याच घरात पण वेगवेगळ्या खोलीत राहत होते, बोलणं बंद, स्वयंपाक वेगळा. एका छताखाली राहूनही नवराबायको कायद्याने वेगळे राहत असू शकतात, सुप्रीम कोर्टाने १९९१ सालीच हे सांगितलंय, पण ते पिटीशनमध्ये आधीच लिहायला पाहिजे ना, पकडल्यावर सांगितलं की कोर्टाला ती सारवासारव वाटते.

म्हणून वकिलाकडे जायच्या आधी घरी बसून तारखांचा एक कागद करा. लग्न कधी, कुठे, शेवटचं एकत्र कुठे राहिलो, घर कधी सोडलं, मुलांचे जन्म, मोठी भांडणं, पोलीस तक्रार, दवाखाना. आठवत नसेल तर अंदाजाने तारीख टाकू नका, "२०२० च्या दिवाळीच्या सुमारास" असं लिहिलं तरी चालतं. "सतत मानसिक त्रास दिला" हे वाक्य मी हजार पिटीशनमध्ये वाचलंय आणि नुसत्या तेवढ्यावर काहीच सिद्ध होत नाही, चार घटना लिहा पण काय झालं, कुठे झालं, कोण हजर होतं हे सगळं लिहा.

परस्पर संमतीच्या केसमध्ये तर तारखेवरच सगळं उभं असतं. हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३ब खाली अर्ज करायला निदान एक वर्ष वेगळं राहिलेलं लागतं, मग पहिल्या अर्जापासून सहा महिन्यांनी आणि १८ महिन्यांच्या आत दुसरा टप्पा, म्हणजे दोघांनी पुन्हा कोर्टात येऊन संमती कायम आहे असं सांगणं. हे सहा महिने माफ होऊ शकतात असा २०१७ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल आहे, पण त्यासाठी पहिल्या अर्जाच्या आधीच दीड वर्ष वेगळं राहून झालेलं असावं, समेटाचे प्रयत्न संपलेले असावेत आणि पोटगी, मुलांचा ताबा वगैरे सगळं मिटलेलं असावं. ही माफी मिळावी म्हणून वेगळं राहिल्याची तारीख मागे ढकलणारे लोक मी बघितलेत. कृपा करून असं करू नका, खाली शपथेवर सही तुमची असते.

आणि हो, शंभर-पाचशेच्या स्टॅम्प पेपरवर नोटरीसमोर लिहिलेली सोडचिठ्ठी म्हणजे घटस्फोट नाही. एखाद्या समाजात रूढीने फारकत चालत असेल तर कायदा ती मानतो, पण ती रूढी पुराव्याने सिद्ध करावी लागते. त्या कागदाच्या भरवशावर दुसरं लग्न करून बसलेली माणसं येतात तेव्हा फार वाईट वाटतं, कारण पहिलं लग्न अजून तसंच उभं असतं.

पोटगीच्या अर्जात उत्पन्न लपवणं ही दोन्ही बाजूंची लाडकी चूक. सुप्रीम कोर्टाच्या नोव्हेंबर २०२० च्या रजनेश विरुद्ध नेहा निकालापासून दोघांनाही मिळकत, कर्ज, खर्च सगळ्याचं ॲफिडेव्हिट द्यावं लागतं, आणि दुसऱ्या कोर्टात आधीच पोटगी चालू असेल तर तेही सांगावं लागतं. नवरा म्हणतो पगार पंचवीस हजार आणि बँक स्टेटमेंटमध्ये चाळीसचा कर्जाचा हप्ता वेळेवर जातोय. बायको म्हणते काहीच कमवत नाही आणि खात्यात दर महिन्याला शिकवणीचे पैसे जमा होतायत. थोडं कमावते असं खरं लिहिलं म्हणून पोटगी आपोआप नाकारली जात नाही हो, पण खोटं पकडलं गेलं की पुढचं तुमचं खरंसुद्धा कोणी धड ऐकत नाही.

व्हॉट्सॲपचे नुसते स्क्रीनशॉट प्रिंट काढून जोडू नका. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे दोन भागांचं प्रमाणपत्र लागतं, एक भाग उपकरण ज्याच्या ताब्यात आहे त्याचा, दुसरा तज्ज्ञाचा. मूळ फोन विकू नका, रीसेट करू नका, आणि गैरसोयीचा मेसेज कापून उरलेलं चॅट तर अजिबात देऊ नका, समोरच्याकडे पूर्ण चॅट असतंच की.

आता कन्सेंट टर्म्स, म्हणजे दोघांनी सह्या करून कोर्टात द्यायच्या समझोत्याच्या अटी. इथे लोक घाईत असतात, एकदाचं सुटू दे असं झालेलं असतं, आणि मग "वडिलांना मुलाला भेटू दिले जाईल" एवढ्या एका ओळीवर सही होते आणि पुढची पाच वर्षं त्या ओळीवरून भांडण चालतं. दुसरा आणि चौथा शनिवार, सकाळी दहा ते संध्याकाळी सहा, कुठून घ्यायचं कुठे सोडायचं, उन्हाळ्याची सुट्टी कशी वाटायची, मूल आजारी असेल तर काय, पासपोर्टवर सही कोण करणार, इतकं बारीक लिहा. पैशाचं पण तसंच, किती, कोणत्या टप्प्यावर, डीडीने की खात्यात. घराचं कर्ज "यापुढे पती भरेल" असं लिहिलं तरी बँक त्या करारात पक्षकार नसते, दोघं कर्जदार असाल तर हप्ता थकल्यावर बँक दोघांनाही धरते, त्यामुळे बँकेकडे वेगळा अर्ज करावाच लागतो. जुन्या दंड संहितेच्या ४९८अ ची, म्हणजे नवऱ्याने किंवा सासरच्यांनी छळ केल्याची, फौजदारी केस चालू असेल तर समझोता झाला म्हणून ती आपोआप संपत नाही, हायकोर्टातून रद्द करून घ्यावी लागते, त्यासाठी कोण अर्ज करणार आणि दुसरा संमतीचं ॲफिडेव्हिट कधी देणार हेसुद्धा त्यातच लिहून घ्या.

समन्स आलं की घ्या. न घेतल्याने केस थांबत नाही, एकतर्फी निकाल होतो आणि तो रद्द करून घ्यायला साधारण ३० दिवसांचीच मुदत असते.

निकाल लागल्यावर हुकूमनाम्याची सर्टिफाइड कॉपी काढा आणि घरी नेऊन शब्द न् शब्द वाचा. नावाचं स्पेलिंग, लग्नाची तारीख, मुलाचं नाव आधारशी आणि विवाह दाखल्याशी जुळवून बघा. लेखनाची चूक असेल तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १५२ खाली साध्या अर्जावर दुरुस्त होते, पण तो अर्ज लगेच करा, पासपोर्टच्या खिडकीवर अडकल्यावर नाही.