नदीकाठचं चित्र रंगवताना पाणी का बिघडतं? या चुका टाळा

1869 मध्ये मोने आणि रेन्वार या फ्रेंच चित्रकारांनी पॅरिसजवळ सीन नदीवरच्या ला ग्रनुयेर इथे शेजारी शेजारी बसून चित्रं रंगवली. मोनेचं त्यातलं एक न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. ते समोर ठेवून तैलरंगात सराव करणारे बहुतेक जण पाण्यापाशीच फसतात.

मोनेचं पाणी जवळून बघा. गडद निळसर, फिकट आणि तपकिरी असे रुंद, आडवे फटकारे शेजारी शेजारी ठेवलेत, घोटलेले नाहीत. नवशिक्याला मात्र दोन फटकाऱ्यांमधली कड खुपते. ओल्या निळ्याशेजारी बदामी लावला की तो लगेच मऊ ब्रश फिरवतो. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा दोन्ही रंग मिसळून राखाडी होतात. मग उजळायला पांढरा येतो, आणि अर्ध्या तासात नदीच्या जागी सिमेंटचा कोबा तयार! हा निव्वळ उतावीळपणा आहे. गडद आणि फिकट रंगांना वेगळे चपटे ब्रश ठेवा. रंग पॅलेटवरच जुळवा, फटकारा मारा, हात उचला, ब्रश चिंधीला पुसा. बिघडलंच तर वरून थापू नका. पॅलेट नाइफने तेवढा भाग खरवडा, टर्पेंटाइनच्या फडक्याने पुसा आणि पुन्हा सुरू करा.

फटकारे जवळ रुंद, लांब जाल तसे बारीक आणि दाट. तिरके झाले की नदी उतारावरून घसरल्यासारखी दिसते.

दुसरी चूक प्रतिबिंबाची. सावली सूर्याप्रमाणे सरकते, प्रतिबिंब मात्र वस्तूच्या सरळ खालीच पडतं. गडद होडीचं प्रतिबिंब होडीपेक्षा थोडं उजळ, पांढऱ्या भिंतीचं थोडं मळकट. झाड उलटं करून जसंच्या तसं उतरवलं की पाण्याचा आरसा होतो, लाटा मरतात.

सावलीत ट्यूबमधला काळा नको. अल्ट्रामरीन (गडद निळा) आणि बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) मिसळा. झाडीला तयार हिरवा तसाच फासू नका, त्यात थोडा गेरू किंवा लाल घाला.

पहिला थर टर्पेंटाइनने पातळ, जवसाचं तेल वरच्या थरांत. उलट केलंत तर रंग तडकतो.

ऊन दोन तासांत बदलतं. सावल्या सरकल्या की त्यांच्यामागे धावू नका. कॅनव्हास बाजूला ठेवा आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला परत या.